दारातला तगादा आणि मनातली धास्ती

हदगाव तालुक्यात सोयाबीनची रास घरात येण्याआधीच तिच्या पैशाचे वाटे ठरलेले असतात. कृषी सेवा केंद्राची उधारी, बँकेचे पीककर्ज, घरातल्या बाईच्या नावावरील गटाच्या कर्जाचा हप्ता, मुलाच्या दुचाकीचा फायनान्स आणि कधी कधी या सगळ्यांच्या तळाशी कोणालाही न सांगता व्याजाने उचललेले पाच-पन्नास हजार. पाऊसपाणी वेळेवर झाले तर हे गाडे कसेबसे चालते. पण २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने जशी पिके पाण्याखाली गेली, तसे वर्ष उजाडले की पहिला हप्ता चुकतो, मग दुसरा, आणि तगादा सुरू होतो.

त्यानंतर घरात दोन संकटे एकाच वेळी राहू लागतात. एक कर्जाचे, जे आकड्यांत मांडता येते. दुसरे धास्तीचे, जे मांडता येत नाही. फोन वाजला की छातीत धडधड होते, गल्लीत अनोळखी मोटारसायकल थांबली की हातपाय गार पडतात, रात्री दोन वाजता जाग येते ती पुन्हा झोप लागतच नाही. ही दोन्ही संकटे एकमेकांना पोसतात. धास्तीमुळे माणूस हिशेब टाळतो, हिशेब टाळल्याने कर्ज वाढते, कर्ज वाढले की धास्ती वाढते. या चक्रातून बाहेर पडायचे तर कर्जाचा आणि मनाचा असा दोन्हींचा स्वतंत्र विचार करावा लागतो, आणि दोहोंसाठी व्यवस्था उपलब्ध आहेत. त्यांची माहिती नसणे हेच अनेकदा मोठे नुकसान ठरते.

तगाद्याची जुनी परंपरा

‘तगादा’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला आणि रुळला. ‘धरणे’ हा शब्द आज आंदोलनाशी जोडला जातो. पण पूर्वी धनकोने ऋणकोच्या दारात ठाण मांडून बसणे, प्रसंगी उपाशी राहून त्याला पापाचा धाक घालणे, असा त्याचा अर्थ होता. ही प्रथा इतकी सर्वत्र होती, की १८६० च्या भारतीय दंड विधानात दैवी कोपाचा धाक घालण्याचा गुन्हा सांगताना दारात धरणे धरून बसण्याचेच उदाहरण दिले गेले. म्हणजे वसुलीसाठी मनावर घाव घालण्याचे तंत्र नवे नाही आणि ते रोखण्याचा कायद्याचा प्रयत्नही नवा नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. हा उठाव दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जातो. त्याच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य अधिनियम आला. नांदेड त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा इकडे लागू नव्हता. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला. याच सुमारास, १९५१-५२ साली झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत, ग्रामीण कर्जापैकी सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांकडून आणि जेमतेम ३ टक्के सहकारी संस्थांकडून येत असल्याचे दिसले. पुढे सहकारी बँका, राष्ट्रीयीकृत बँका आणि अलीकडे सूक्ष्मवित्त संस्था आल्या. धनको बदलले, पण दारातला तगादा संपला नाही.

मनात नेमके काय घडते

धोका जाणवला की शरीर लढण्याच्या वा पळण्याच्या तयारीला लागते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. समोर साप असेल तर ही तयारी उपयोगी पडते. पण धोका जेव्हा रोज सकाळी फोनमधून येतो आणि त्याच्यापासून पळताही येत नाही, तेव्हा ही तयारी उतरतच नाही. झोपमोड, अपचन, चिडचीड, डोके जड होणे, छातीवर दडपण, विसराळूपणा ही लक्षणे आठवडेच्या आठवडे टिकली आणि रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, की तिला वैद्यकीय भाषेत चिंताविकार म्हणतात. गावाकडे त्याला ‘घाबरं होतंय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘डोक्यात विचारचक्र चालू आहे’ असे म्हटले जाते. नावे वेगळी असली तरी त्रास तोच असतो.

चिंतेने ग्रासलेला कर्जदार साधारणपणे चार चुका करतो. पहिली, तो टाळतो: फोन बंद ठेवतो, नोटिसा न उघडता कपाटात टाकतो. दुसरी, तो समोरचा माणूस जावा म्हणून काहीही कबूल करतो: ‘सोमवारी भरतो’ म्हणतो, आणि सोमवारी पैसे नसल्याने त्याचा शब्द आणखी हलका होतो. तिसरी, तो एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे, अधिक महागडे कर्ज काढतो. चौथी, तो समोर ठेवलेल्या कागदावर न वाचता सही करतो. यांपैकी एकही चूक बेजबाबदारपणातून होत नाही. भीतीचा तो क्षण लवकर संपावा, एवढीच त्यामागची धडपड असते. म्हणूनच पहिला नियम साधा आहे. तगाद्याच्या क्षणी कोणताही निर्णय घ्यायचा नाही. निर्णयाची वेळ आपण ठरवायची.

वसुलीला घातलेली मर्यादा

कर्ज देणाऱ्याला ते परत मागण्याचा हक्क आहे, हे निर्विवाद. मात्र तो हक्क कसा बजावायचा यावर बंधने आहेत. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वाहनकर्जाच्या प्रकरणात, बँकांनी वसुलीसाठी गुंडांचा वापर करू नये, कायदेशीर मार्गच अवलंबावा, असे स्पष्ट केले. त्यानंतर २४ एप्रिल २००८ रोजी रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांबाबत सविस्तर सूचना काढल्या. एजंटाजवळ ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र असले पाहिजे, कोणत्या संस्थेकडे वसुली सोपवली आहे हे बँकेने कर्जदाराला कळवले पाहिजे, आणि कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना, ती निव्वळ खोडसाळ असल्याची बँकेची खात्री नसेल तर, प्रकरण एजंटाकडे सोपवू नये, असे त्यात म्हटले आहे.

१२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करण्यास मनाई केली. सूक्ष्मवित्त कर्जांना त्याहून कडक नियम आहेत. वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांना दिलेली विनातारण कर्जे या व्याख्येत येतात. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या या निर्देशांनुसार वसुलीची वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ६ इतकीच आहे. हप्ता घेण्याचे ठिकाण दोघांच्या संमतीने ठरवायचे असते. त्या ठिकाणी कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आला नाही, तरच कर्मचाऱ्याला घरी किंवा कामाच्या जागी जाता येते. शिवीगाळ, धमकी, सतत फोन, नातेवाईक, मित्र वा सहकाऱ्यांना त्रास, थकबाकीदारांची नावे जाहीर करणे, हिंसा किंवा तिची धमकी, तसेच कर्जाच्या रकमेबद्दल वा परिणामांबद्दल दिशाभूल करणे, हे सारे निषिद्ध आहे. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड आकारता येत नाही, आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होत असतील तर नवे कर्ज देऊ नये, असेही बंधन आहे.

याच निर्देशांतील एक कलम फारसे कोणाला ठाऊक नसते. परतफेडीची अडचण असलेले कर्जदार ओळखणे, त्यांच्याशी बोलणे आणि उपलब्ध मार्गांची माहिती देणे, ही यंत्रणा संस्थेनेच उभी करायची आहे. अडचण सांगणे म्हणजे भीक मागणे नव्हे. संस्थेला ऐकून घेणे भाग आहे.

मोबाइलवरील कर्ज-अॅपच्या बाबतीत, फोनमधील संपर्कयादी, कॉलनोंदी आणि छायाचित्रे यांत शिरकाव करण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. जे अॅप नातेवाइकांना संदेश पाठवते किंवा छायाचित्रात फेरफार करून बदनामीची धमकी देते, ते नियमबाह्य आहे. त्याची तक्रार १९३० या सायबर गुन्हे मदतवाहिनीवर आणि पोलिसांकडे करावी.

धमकी कोणती, वस्तुस्थिती कोणती

चिंता अर्धवट माहितीवर पोसली जाते. म्हणून नेहमीच्या धमक्या आणि त्यांमागील वस्तुस्थिती वेगवेगळी पाहणे उपयुक्त ठरते.

‘पोलीस घेऊन येतो.’ हप्ता थकणे हा दिवाणी विषय आहे. केवळ त्यासाठी पोलीस अटक करीत नाहीत. खोटी कागदपत्रे देऊन कर्ज घेतले असेल तर गोष्ट निराळी. त्याचप्रमाणे न वटलेला धनादेश (परक्राम्य संलेख अधिनियम, कलम १३८) आणि बँक खात्यातून आपोआप वळती होणारा हप्ता पैशाअभावी परत जाणे, यांत फौजदारी खटला होऊ शकतो. धनादेशाच्या प्रकरणात नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत असते, म्हणून ती नोटीस कधीही दुर्लक्षू नये.

‘घरातली भांडीकुंडी उचलून नेतो.’ हुकूमनाम्याशिवाय कोणालाही घरातील वस्तू उचलता येत नाही. हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे, तसेच शेतकऱ्याची उपजीविकेला लागणारी अवजारे, जनावरे आणि बियाणे यांना जप्तीतून संरक्षण आहे. शेतकऱ्याच्या राहत्या घरालाही ते लाभते. मात्र तेच घर गहाण ठेवले असेल तर त्या कर्जाच्या वसुलीत ते मिळत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही, असे कलम ५६ सांगते.

‘जमिनीला कुलूप लावतो.’ तारण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला. पण त्यासाठी ६० दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही.

‘लोकअदालतीची नोटीस आली, आता शिक्षा होणार.’ ही नोटीस कधी पोलीस शिपायाच्या हातून येते आणि घरात रडारड होते. प्रत्यक्षात वादपूर्व प्रकरणात लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. तेथे शिक्षा होत नाही आणि संमतीशिवाय निवाडाही होत नाही. मात्र तडजोड झाल्यावर तिच्यावर अपील नसते. म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा.

‘बापाचे कर्ज पोराने फेडलेच पाहिजे.’ वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मिळकतीपुरतीच मर्यादित असते. जामीनदाराची जबाबदारी मात्र मूळ कर्जदाराइतकीच असते. सोयरा, शेजारी किंवा गावचा सरपंच यांपैकी कोणी जामीनदार नसेल, तर त्याच्याकडे तगादा लावता येत नाही. अनेक लघुकर्जांना विम्याची जोड असते. कर्जदाराचा मृत्यू झाल्यास तो कागद आधी शोधावा.

पतसंस्थांची गोष्ट थोडी वेगळी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि त्यावर जप्तीची कारवाई होऊ शकते. ही नोटीस आली तर सुनावणीला हजर राहून हिशेबाचा खुलासा मागणे आवश्यक आहे.

माणूस दारात आला तर

फोन आणि भेट या दोन्हींसाठी शब्द आधीच ठरवून ठेवावेत, शक्य तर कागदावर लिहून भिंतीला लावावेत. घाबरलेल्या मनाला त्या क्षणी शब्द सुचत नाहीत; लिहिलेले वाचता मात्र येते. ‘सर, कर्ज बुडवायचं नाही. आधी ओळखपत्र आणि अधिकारपत्र दाखवा. बुधवारी अकरा वाजता शाखेत येऊन बोलते. आज दारात तारीख देत नाही.’ एवढी चार वाक्ये पुरेशी आहेत. आवाज चढला तर तीच पुन्हा सांगावीत, नवी भर घालू नये.

बोलण्याआधी अर्धा मिनिट श्वासाकडे लक्ष द्यावे. चार अंक मोजेपर्यंत श्वास आत, सहा अंक मोजेपर्यंत बाहेर. बाहेर सोडलेला श्वास लांबला की ठोके हळूहळू खाली येतात. शक्यतो घरात एकट्याने भेट घेऊ नये. भावजय, शेजारीण, आशाताई, गटातील दुसरी सदस्या, कोणीतरी सोबत असावे. परवानगीशिवाय घरात शिरणे, वाट अडवणे, मारण्याची धमकी देणे हे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेत. अशा वेळी ११२ क्रमांकावर फोन करावा.

एक वही करावी. तारीख, वेळ, आलेल्या माणसाचे नाव, तो काय म्हणाला, किती पैसे दिले आणि पावती मिळाली का, याची नोंद ठेवावी. फोन ध्वनिमुद्रित करावेत. या वहीचे दोन उपयोग होतात. तक्रारीला ती पुरावा ठरते, आणि डोक्यात फिरणारे कागदावर उतरल्याने रात्रीचे विचारचक्रही काहीसे थांबते. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये.

गटाच्या कर्जात पेच अधिक असतो. एकीचा हप्ता थकला की इतर बायकांना बसवून ठेवले जाते आणि वसुलीचे काम शेजारणींच्या तोंडून करून घेतले जाते. येथे दुखावते ते गावातले नाते. अशा वेळी गटातील सर्वांनी मिळून शाखा व्यवस्थापकाला लेखी कळवणे, हे एकमेकींवर ओरडण्यापेक्षा परिणामकारक ठरते. बैठकीत कोणाला अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही.

हिशेब आणि बोलणी

धास्ती कमी करण्याचा एक खात्रीचा उपाय म्हणजे खरा आकडा. मनातला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा मोठा असतो, किंवा माणूस तो जाणूनच घेत नाही. सर्व नोटिसा एका दुपारी, दुसऱ्या माणसाला शेजारी बसवून उघडाव्यात. प्रत्येक कर्जाचे मुद्दल, व्याज, दंड आणि तारण वेगळे मांडावे. नावावर किती कर्जे आहेत याची शंका असेल तर पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मागवता येतो. हा हक्क २०१७ पासून आहे. दंडाच्या आकारणीवर पुन्हा व्याज लावता येत नाही, असा नियम २०२४ पासून लागू आहे. खातेउतारा मागवून तो तपासावा.

मग क्रम लावावा. खाणे, औषध, मुलांची शाळा आणि पुढच्या हंगामाचे बियाणे आधी. त्यानंतर घर किंवा उपजीविकेचे साधन ज्यात तारण आहे ते कर्ज. विनातारण कर्जे त्यानंतर. उरणाऱ्या रकमेतून किती हप्ता झेपेल ते ठरवूनच शाखेत जावे. अतिवृष्टी किंवा दुष्काळात पीक गेले असेल तर शासनाचा पंचनामा जोडून पीककर्जाचे पुनर्गठन मागावे. शाखेने दाद दिली नाही तर नांदेड येथील अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाकडे जाता येते. २०१७ आणि २०१९ च्या राज्य शासनाच्या कर्जमाफी योजना शेतीकर्जापुरत्या होत्या; गटाचे किंवा वाहनाचे कर्ज त्यांत नव्हते. म्हणून ‘माफी येईल’ या भरवशावर अशी कर्जे थांबवणे अंगाशी येते.

एकरकमी तडजोड केली तर ती लेखी घ्यावी आणि पैसे भरल्यावर बेबाकी दाखला मागावा. गहाण मालमत्तेची मूळ कागदपत्रे कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत परत करणे बंधनकारक आहे. संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

तक्रार कोठे करावी

पहिली तक्रार नेहमी त्याच संस्थेकडे, लेखी आणि पोच घेऊन. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेने बँका आणि बिगर-बँक वित्तीय कंपन्यांच्या तक्रारींसाठी एकच दार उघडले. तक्रार ऑनलाइन किंवा टपालाने करता येते, शुल्क लागत नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्थेची तक्रार सहकार खात्याच्या तालुका सहायक निबंधकाकडे करावी.

हदगावच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि आपत्तिग्रस्त यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. त्यासाठी १५१०० ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

खाजगी सावकाराचा फास

खाजगी सावकारीला रिझर्व्ह बँकेचे नियम लागत नाहीत. तेथे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होतो. परवान्याशिवाय सावकारी करणे हा तुरुंगवासाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, तर बिगरशेतकऱ्याकडून अनुक्रमे १५ आणि १८ टक्के हे दर शासनाने ठरवून दिले. ‘शेकडा पाच’ म्हणजे महिन्याला पाच रुपये, वर्षाला ६० टक्के. हे दर कोणत्याही परवान्यात बसत नाहीत. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नाही, हे दामदुपटीचे जुने तत्त्वही कायद्याने राखले आहे. कर्जदाराच्या पाठीमागे फिरणे, घराभोवती घुटमळणे, धाक घालणे यालाही शिक्षा आहे.

मराठवाड्यात कर्जापोटी जमिनीचे थेट खरेदीखत करून घेण्याची रीत जुनी आहे. सावकारीच्या व्यवहारातून पंधरा वर्षांच्या आत अशी जमीन गेली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत व्यवहार सावकारीचा ठरल्यास तो खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतो. साक्षीदार, पैसे दिल्याच्या नोंदी, जमीन अजून कोण कसतो याचा पुरावा, हे सारे अशा वेळी मोलाचे असते.

उपचार हाही हिशेबाचाच भाग

कर्ज फिटले की मन आपोआप बरे होईल, असे समजून उपचार लांबवले जातात. पण चिंतेने पोखरलेल्या माणसाला कर्ज फेडण्याची आखणीच करता येत नाही. चिंताविकार आणि नैराश्य यांवर समुपदेशन आणि औषधे, दोन्हींचा उपयोग होतो. टेलिमानस ही केंद्र शासनाची मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य असते आणि मराठीत बोलता येते. प्रत्यक्ष तपासणीसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि नांदेडजवळ विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये आखलेल्या प्रेरणा प्रकल्पात आशा कार्यकर्त्यांना गावातील तणावग्रस्त शेतकरी ओळखण्याचे काम देण्यात आले.

गावपातळीवर अशी मदत पोहोचवता येते, हे पैनगंगेपलीकडच्या विदर्भाने दाखवून दिले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम राबवला गेला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बोलायला सुरुवात केली, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ सरळ आहे. लोक मदत नाकारत नाहीत. मदत त्यांच्या दारापर्यंत येत नाही.

घरच्यांनी काही खुणांकडे लक्ष द्यावे. माणूस अचानक अबोल झाला, देणीघेणी समजावून सांगू लागला, ‘माझ्यामुळेच सगळं’ असे म्हणू लागला किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलला, तर ते मनावर घ्यावे. त्याला थेट विचारावे. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नये. शेतीची औषधे घरात न ठेवता कुलूपबंद, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावीत. संकटाचा तीव्र क्षण बहुधा ओसरतो, आणि तो ओसरेपर्यंतचा वेळ मिळवून देणे हेच जीव वाचवणे असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार देणे ही शासनाची जबाबदारी ठरते. गुन्हा दाखल होईल या भीतीने रुग्णालयात नेण्यास एक क्षणही उशीर करू नये.

विसाव्याची गरज

कर्ज आणि मन यांचे नाते इतर देशांनीही ओळखले आहे. अमेरिकेने १९७७ मध्येच वसुली संस्थांच्या वागणुकीवर कायदा केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४ मे २०२१ पासून कर्जदाराला ६० दिवसांचा विसावा मिळू शकतो; त्या काळात तगादा आणि बहुतेक व्याज थांबते. तीव्र मानसिक संकटावर उपचार चालू असतील, तर उपचार संपल्यानंतर आणखी ३० दिवसांपर्यंत ही सवलत टिकते. आजारी माणसाकडून हिशेब मागण्याआधी त्याला बरे होऊ द्यावे, हा त्यामागचा विचार. भारतात असा सार्वत्रिक विसावा कायद्याने अद्याप दिलेला नाही. २०१० मध्ये अविभाजित आंध्र प्रदेशाने आणि २०२५ मध्ये कर्नाटकाने सूक्ष्मवित्तातील जबरदस्तीविरुद्ध स्वतंत्र कायदेशीर पावले उचलली. ही दोन्ही राज्ये नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तोवर विसावा घरानेच द्यायचा आहे. कर्जाची गोष्ट घरात उघडपणे बोलली जाणे, ही त्याची सुरुवात. नवऱ्याने घेतलेले व्याजाचे पैसे बायकोला ठाऊक नसतात, बायकोच्या गटाचे कर्ज सासूला ठाऊक नसते, आणि प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात एकटाच जागत असतो. ज्या दिवशी सगळ्या नोटिसा एका चटईवर येतात आणि चार माणसे त्यांच्याभोवती बसतात, त्या दिवशी कर्ज एका रुपयानेही कमी होत नाही. मात्र ते एकट्याच्या डोक्यावरून उतरून घराच्या वहीत येते. वहीतले कर्ज फेडता येते.